गाठ क्षेत्रातली

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंत मन, बुद्धी, अहंकार, इतकेच काय चेतना आणि धृतीही क्षेत्रातच मोजतात. ‘धीरसुद्धा शरीराचाच का, महाराज?’ असे श्रोते विचारीत. त्याचे मला पटलेले उदाहरण दूर कॅनडातले आहे.

मॉन्ट्रियलचे डॉ. वाइल्डर पेनफिल्ड मेंदूचे नामांकित शल्यवैद्य. १९२८ च्या डिसेंबरात त्यांनी सख्ख्या बहिणीच्या, रूथच्या, मेंदूतली गाठ स्वतः काढली. गाठीबरोबर पुढचा उजवा भाग बराचसा गेला. रूथ वाचली; बोलणे-चालणे पूर्वीसारखेच. वर्ष-सव्वा वर्षाने तिने भावाला व आणखी चौघांना जेवायला बोलावले. वेळ झाली, सामान सगळे हजर, चुलीवर एकदोन पदार्थ चढलेले, बाकी कशालाच हात नाही, आणि ती गोंधळून कष्टी झालेली. आयुष्यभर रांधणारी बाई! आपल्याकडे म्हटले असते, बाधा झाली. पेनफिल्डनी ओळखले की कामाची जुळणी करणारी शक्तीच त्या काढलेल्या भागाबरोबर गेली. पुढे गाठ पुन्हा वाढली आणि काही वर्षांत रूथ वारली.

इटलीतल्या उदिने येथील संशोधकांनी तर २०१० साली मेंदूत गाठ असलेल्या ८८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर प्रश्न विचारले. मेंदूच्या मागच्या बाजूचा भाग काढलेल्यांत, मीपण ओलांडून विश्वाशी एक झाल्याची भावना थोड्याच दिवसांत वाढलेली दिसली. हे ऐकून काही वारकरी दुखावतात. मला तसे वाटत नाही. भावना येते-जाते, म्हणजे ती क्षेत्रातली. आपल्या संतांनी दृष्टान्तांची मोजदाद कुठे मागितली? नाम मागितले, वागणे पाहिले.

म्हणून सप्ताहात एखाद्याला नसलेले वास येऊ लागले, आवाज ऐकू येऊ लागले, स्वभाव एकाएकी पालटला, सकाळी डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, तर त्याच्या पायांवर डोके ठेवू नका आणि मांत्रिकही शोधू नका. दवाखान्यात न्या. उदासी आली तरी ‘भक्ती कमी पडली’ म्हणून त्याला टोचू नका. गाठीनेही मन खचते.

पेनफिल्ड रुग्णाला जागे ठेवून उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करीत. हात हले. विचारले की रुग्ण म्हणे, हा मी हलवला नाही, तुम्ही हलवलात. नुसत्या मेंदूवरून मनाचा उलगडा होत नाही, असे त्यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात लिहिले. बहुतेक मेंदूतज्ज्ञांना ते मान्य नाही, तेव्हा पेनफिल्डनी वेदान्त सिद्ध केला असे कोणी कीर्तनात ठोकू नये. पण क्षेत्रज्ञ समजावताना मी तो टेबलावरचा रुग्ण मात्र सांगत असे. हात हलतो आहे, आणि तो हलताना पाहणारा म्हणतो आहे, हा मी नव्हे.