जुळणी, दुरुस्ती, जीर्णोद्धार

वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरील जोतिबाचे देऊळ कोणी बांधले, या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येत नाही. मूळ देऊळ कऱ्हाडजवळच्या किवळ गावच्या नावजी नावाच्या भक्ताने बांधले, असे परंपरा सांगते. त्याच्या जागी आजची वास्तू राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये उभी केली. शेजारचे केदारेश्वराचे देऊळ दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये बांधले. तरीही चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचवीत, गुलाल उधळीत, 'चांगभलं'च्या गजरात डोंगर चढणाऱ्या भाविकाला आपण कुठल्या नव्या देवळात चाललो आहोत असे वाटत नाही. दगड बदलले, बांधणारे हात बदलले, पण स्थानाची ओळख टिकली. मराठीत या कर्माला 'जीर्णोद्धार' असा भारदस्त शब्द आहे, आणि तो करणाऱ्याचे नाव वर्षासकट गॅझेटियरात नोंदले जाते.

हेच कर्म टेबलावरच्या संगणकाच्या वाट्याला आले की आपली भाषा एकदम खाली उतरते. जुन्या पेटीत नवी मेमरी बसवणे, जळालेला वीजपुरवठा बदलणे, मृत हार्डडिस्कमधून कुणाचा तरी प्रबंध बाहेर काढणे, याला आपण 'रिपेरिंग' म्हणतो. ते करणाऱ्याला नाव नसते; 'तो कॉम्प्युटरवाला मुलगा' एवढीच त्याची ओळख असते. संगणकाचा भारतीय इतिहास लिहिताना टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील टिफ्रॅक येतो, १९८४ चे संगणक धोरण येते, आज्ञावलींची निर्यात येते. पेटी उघडणारी माणसे येत नाहीत. आमचे म्हणणे असे की, ही माणसे वगळली तर संगणक आपल्याकडे आला कसा एवढेच कळते. तो टिकला कसा, आणि जेथे टिकला नाही तेथे का टिकला नाही, हे कळत नाही.

मुळात पेटी उघडता येणे हीच एक ऐतिहासिक घटना आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्यातील बहुतेक भाग बाहेरच्या उत्पादकांकडून घेतलेले होते, आणि त्याच्या अंतर्गत रचनेची तांत्रिक पुस्तिका कंपनीने स्वतःच विकायला ठेवली होती. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकने त्या यंत्राशी सुसंगत संगणक जाहीर केला, आणि अल्पावधीत जगभर 'सुसंगत' यंत्रांची रांग लागली. मदरबोर्ड एकाचा, डिस्क दुसऱ्याची, पेटी तिसऱ्याची, अशी जुळणी शक्य झाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर) रेडिओ आणि टेपरेकॉर्डरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या शेजारी संगणकाचे सुटे भाग येऊन बसले. १९९१ नंतर आयात सुकर होत गेली, तशी 'असेंबल्ड' ही संज्ञा मध्यमवर्गीय घरांत रूढ झाली. 'ब्रँडेड घ्यायचा की असेंबल्ड?' हा प्रश्न नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातल्या किती दिवाणखान्यांत चर्चिला गेला असेल, याची गणती नाही.

अमेरिकेत या प्रवृत्तीला छंदाचा इतिहास लाभला. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील एका गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. तेथील छंदिष्टांपैकी काहींचे पुढे उद्योगपती झाले, म्हणून त्यांच्या गॅरेजांचीही तीर्थस्थळे झाली. आपल्याकडे छंद आणि गरज यांच्यात इतकी स्वच्छ रेघ कधी नव्हती. मोठ्या भावासाठी जुळवलेला संगणक धाकटीसाठी वाढवायचा. ३२ एमबीची मेमरी ६४ करायची. जुनी डिस्क फेकून न देता जंपर बदलून ती नव्या डिस्कची दुय्यम जोडीदार म्हणून लावायची. हे शिकलेला मुलगा मग शेजाऱ्यांचा, मामांचा, शाळेतल्या सरांचा संगणक पाहू लागे. बक्षिसी कधी पैशांची, बहुधा चहापोह्यांची. मराठीत या वृत्तीला नेमका शब्द आहे तो 'खटपट'. परिश्रम, धडपड, नसती उठाठेव आणि थोडीशी कारस्थानी बुद्धी अशा साऱ्या छटा त्यात एकत्र नांदतात. 'जुगाड' हा शब्द आपण हिंदीतून अलीकडे उसना घेतला. खटपट्या माणूस आपल्याकडे केव्हापासूनचा आहे.

कोल्हापुरात तर या माणसाला आडनावच आहे. 'मेस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र' म्हणजे उस्ताद यावरून आलेला. चित्रपटाच्या इतिहासात बाबूराव पेंटर म्हणून अमर झालेले गृहस्थ जन्माने बाबूराव कृष्णराव मेस्त्री. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवीत. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांना चित्रपटाचे वेड लागले. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेला प्रक्षेपक उघडून त्यातून त्यांनी छायाचित्रणाचा कॅमेरा घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्यासह काम चालूच ठेवले आणि १९१८ मध्ये चालता कॅमेरा सिद्ध केला. १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पुण्यात प्रदर्शित झाला. चित्र दाखवणाऱ्या यंत्राची रचना समजून घेऊन त्यापासून चित्र टिपणारे यंत्र करणे, ही निव्वळ दुरुस्ती नव्हे. पण तिची सुरुवात दुरुस्तीच्या हत्यारांनीच झाली.

दुसरे उदाहरण उद्यमनगरचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी तेल-इंजिनांचे सुटे भाग मिळेनासे झाले. उसाच्या आणि गुळाच्या या मुलखात इंजिन बंद पडणे म्हणजे पाणी बंद पडणे. कोल्हापूरच्या कारागिरांनी आधी सुटे भाग ओतले, मग त्या भागांचे संपूर्ण इंजिन केले. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावे या संदर्भात येथे आजही आदराने घेतली जातात. शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळा आणि यंत्रशाळा या परंपरेच्या साक्षीदार आहेत. उद्यमनगरच्या लेथवरून राजारामपुरी-शाहूपुरीतल्या संगणकाच्या दुकानापर्यंत सरळ वंशावळ काढण्याचा मोह येथे होतो. आम्ही तो टाळतो. ओतकाम आणि मदरबोर्ड ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. दोहोंत समान आहे ती एक धारणा: बंद पडलेले यंत्र उघडून पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि उघडल्यावर ते आपल्याला समजेल.

साहित्याच्या अभ्यासकांनी या धारणेचे ऋण विशेषत्वाने मानायला हवे, कारण वैयक्तिक संगणकावर देवनागरी आली तीच मुळी पेचकसाच्या वाटेने. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले 'जिस्ट' हे तंत्र प्रारंभी एका कार्डाच्या रूपात मिळे. संगणकाची पेटी उघडायची, मोकळ्या खाचेत ते कार्ड दाबून बसवायचे, पेटी बंद करायची. मग डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटत. पुढे कार्डाची जागा आज्ञावलींनी घेतली. पण त्यांपैकी श्रीलिपीसारख्या काहींबरोबर संगणकाच्या मागच्या पॅरलल पोर्टला लावायचे छोटे 'लॉक' येई, आणि ते निघाले की अक्षरे रुसत. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली. २००१ च्या एक्सपीमध्येही ती आपोआप चालू नसे. मूळ सीडी घालून, जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण करून ती जागी करावी लागे. हे कुणालातरी ठाऊक असे आणि तो ते इतरांच्या संगणकांवर करून देत असे. मराठीतील पहिल्या ब्लॉगलेखकांच्या मागे असे किती अनाम खटपटे उभे होते, याची नोंद वाङ्मयेतिहासात कोठेही नाही.

पेटी उघडणारा हात नसला तर काय होते, याचे उदाहरण याच मुलखात मिळते. जोतिबाचा डोंगर पंचगंगा आणि वारणा या नद्यांच्या खोऱ्यांमध्ये उभा आहे. एका अंगास कोल्हापूर शहर, दुसऱ्या अंगास तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेले सहकाराचे वारणानगर. १९९८ मध्ये पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाच्या पुढाकाराने येथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडायची; शेतकऱ्याला उसाचा हिशेब, बाजारभाव, शेतीसल्ला, आरोग्य आणि शिक्षणाची माहिती गावातच मिळायची, अशी ती कल्पना. देशातील अशा पहिल्या काही प्रयोगांत त्याची गणना झाली आणि देशविदेशांतून त्याचे कौतुक झाले.

काही वर्षांनी संशोधकांनी पाहणी केली तेव्हा संगणक प्रामुख्याने उसाच्या हिशेबाची देवघेव करीत होते. बाकीची स्वप्ने बहुतांशी कागदावर राहिली होती. यंत्रे जुनी झाली होती. जोडणी अशक्त होती. देखभालीचा भार होता. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी मग ७ गावांत ८ महिने एक प्रयोग केला. त्यात संगणकाचे काम भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांकडे सोपवले, आणि ते स्वस्त व सोयीचे ठरले. या प्रयोगाचे नाव 'वारणा अनवायर्ड' हे बोलके आहे.

या कथेचा रूढ अर्थ असा की संगणक हरला आणि मोबाईल जिंकला. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. सहकारी साखर कारखान्याच्या याच पट्ट्यात इंजिन, पंप, ट्रॅक्टर, मोटारसायकल ही सारी यंत्रे वर्षानुवर्षे चालतात, कारण प्रत्येकासाठी जवळपास कुणीतरी मेस्त्री असतो. संगणक गावात आला तो योजनेचा भाग म्हणून, वरून; त्याच्याबरोबर त्याचा मेस्त्री आला नाही. चालवणारा नेमला गेला. उघडणारा घडवला गेला नाही. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीच्या रूपाने संगणक-साक्षरता गावोगाव पोहोचली. हे काम मोठेच आहे. पण तेथेही भर यंत्र वापरण्यावर राहिला. साक्षरता म्हणजे केवळ वाचता येणे की ग्रंथाची शिवण उसवली तर ती घालताही येणे, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही.

दुरुस्ती ही बौद्धिक क्रिया आहे, हे साहित्याच्या वाचकांना पटवायला फार दूर जावे लागत नाही. संगणक सुरू होत नाही. पंखा फिरतो, पडदा काळा. जाणकार प्रथम मेमरीची पट्टी काढतो, तिची सोनेरी टोके साध्या खोडरबराने घासतो, पुन्हा बसवतो. फरक नाही. मग तीच पट्टी दुसऱ्या चालत्या यंत्रात घालतो: तेथे चालली, तर दोष पट्टीत नाही. मग वीजपुरवठा बदलून पाहतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ज्ञाताच्या आधारे अज्ञाताकडे सरकायचे. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ती हस्तलिखिते अशीच एकमेकांशी ताडून. पाठचिकित्सकाला प्रक्षेप ओळखावा लागतो; येथे बिघाड ओळखावा लागतो. दोघांनाही मूळ रचना कळल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

या विद्येपुढे आज नवे संकट आहे. पातळ लॅपटॉपांच्या अनेक प्रतिरूपांत मेमरी मदरबोर्डवरच डाग देऊन पक्की केलेली असते. बॅटरी चिकटवलेली असते. वाढवण्याजोगे काही उरलेले नसते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले, आणि विंडोज ११ च्या अटी न पुरवणारी असंख्य सुस्थितीतील यंत्रे एका दिवसात 'जुनी' ठरली. दुसऱ्या बाजूने काही हालचालीही झाल्या आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. २०२२ च्या ई-कचरा नियमांत यंत्रांचे नूतनीकरण करणाऱ्याला स्वतंत्र स्थान आहे. जुन्या लॅपटॉपची फिरती डिस्क काढून तेथे एसएसडी बसवणारे, त्यावर लिनक्स चढवून आणखी काही वर्षांचे आयुष्य देणारे छंदिष्टही आहेतच.

आपल्यासाठी हा केवळ ग्राहकहिताचा प्रश्न नाही. १९९० ते २००५ या काळात मराठीत जे लिहिले, टंकले, छापले गेले, त्याचा मोठा भाग युनिकोडपूर्व अक्षरसंचांत आहे. प्रबंध, नियतकालिकांचे अंक, लेखकांचे पत्रव्यवहार फ्लॉपींवर आणि जुन्या डिस्कांवर पडून आहेत. त्यांतील काही फायली उघडायला तीच जुनी आज्ञावली हवी, तिला तेच लॉक हवे, त्या लॉकला पॅरलल पोर्ट हवे, आणि ते पोर्ट असलेले यंत्र आज नव्याने घरात येत नाही. रूपांतराच्या आज्ञावली उपलब्ध आहेत, पण आधी मजकूर बाहेर तर यायला हवा. मोडी कागदपत्रांसाठी आपण वाचक तयार करतो. या कागदपत्रांसाठी चालू स्थितीतील जुनी यंत्रे आणि ती चालती ठेवणारी माणसे लागतील.

म्हणून मराठी विभागांनी आणि ग्रंथालयांनी आपल्या अडगळीतले संगणक भंगारात काढण्याआधी ते चालू करून पाहावेत, त्यांतील मजकूर उतरवून घ्यावा, आणि प्रत्येक गावातल्या त्या 'कॉम्प्युटरवाल्या मुला'ची, जो आता बहुधा पंचेचाळिशीत असेल, सविस्तर मुलाखत नोंदवून ठेवावी. त्याने कोणाची कोणती यंत्रे जगवली, कोणते हस्तलिखित वाचवले, कोणते गमावले, हे त्यालाच ठाऊक आहे. राणोजी शिंद्यांचे वर्ष आपल्याला माहीत आहे, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले. या जीर्णोद्धारांची वर्षेही तशीच लिहून ठेवायला हवीत.