एक पेनी आणि सात समुद्र

परदेशी गेलेल्या माणसाची खुशाली कळणे आज इतके सहज झाले आहे की, या खुशालीला एके काळी काय मोल पडे, याचे आपल्याला विस्मरण झाले आहे. आगबोट आली, तारायंत्र आले आणि दूरचा माणूस जवळ आला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आमच्या मते हे अर्धेच सत्य आहे. यंत्रांनी अंतर तोडले. पण दर उतरला तो माणसांच्या विचाराने आणि राष्ट्रांच्या कराराने.

याला तारेचाच दाखला पुरेसा आहे. १८६६ साली अटलांटिकच्या तळाशी टाकलेली तार चालू झाली, तेव्हा वीस शब्दांना वीस पौंड मोजावे लागत. वेग विजेचा, पण लाभ सावकारांना आणि सरकारांना! पोटासाठी देशांतर केलेल्या मजुराला त्या तारेचा काय उपयोग?

गरिबाचे काम केले ते रोलंड हिल या इंग्रज सुधारकाने. त्या वेळी इंग्लंडात टपालहशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर आकारले जाई आणि बहुधा ते पत्र घेणाराच भरी. पैसे नसले म्हणजे पोटच्या पोराचे पत्रही दारातून परत जाई. हिलने १८३७ साली हिशेब मांडला की, लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च एका पेनीचा छत्तिसावा भाग आहे. बाकीचा पैसा आकारणी, वसुली आणि नोंदी यांतच जातो. मग अंतर मोजायचे कशाला? १८४० च्या जानेवारीपासून देशात कोठेही अर्ध्या औंसाचे पत्र एका पेनीत जाऊ लागले. आपल्याकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते हिंदुस्थानात कोठेही जावो, असा दर झाला.

देशाची वेस ओलांडली की मात्र पुन्हा गोंधळ. जितके देश तितके तह आणि जितके मार्ग तितके दर. १८७४ साली बर्न येथे बावीस देशांनी एकत्र येऊन ठरविले की, टपालापुरते आपण सारे एकच मुलूख मानू. १८७६ साली हिंदुस्थान या संघात आला.

या व्यवस्थेचे मोल आपल्या आनंदीबाई जोशींच्या चरित्रात दिसते. गोपाळरावांची नोकरी टपालखात्यातली. त्यांचे एक पत्र अमेरिकेतील मासिकात छापले गेले, ते वाचून कार्पेंटरबाईंनी पत्र धाडले आणि एकमेकींना न पाहताच मावशी-भाचीचे नाते जुळले. त्या आधारावर अठरा वर्षांची ही मुलगी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. पुढे पतिपत्नींचा संसार पत्रांवरच चालला. त्या पत्रांत माया होती, तसे गोपाळरावांचे बोचरे शब्दही होते. आणि एका बोचऱ्या शब्दाचा खुलासा व्हायला महिने लागत!

पुढे हेनिकर हीटन या पार्लमेंटच्या सभासदाने चिकाटीने झगडून १८९८ च्या नाताळापासून साम्राज्याच्या बहुतेक भागांत एका पेनीचे टपाल सुरू करविले. हिंदुस्थानातून विलायतेला पत्र एका आण्यात जाऊ लागले. यात साम्राज्याचा स्वार्थ होताच. पण आईच्या पत्राला स्वार्थाशी काय कर्तव्य?

तरी एक उणीव राहिलीच. दर उतरला, अक्षरओळख नव्हती. १९१४-१५ साली फ्रान्समध्ये लढणाऱ्या आपल्या अनेक शिपायांना घरची पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घ्यावी लागत.

हिलचा धडा जुना झालेला नाही. युरोपीय संघाच्या देशांत प्रवाशाच्या दूरध्वनीवर बसणारा जादा आकार १५ जून २०१७ रोजी उठला. तो नव्या यंत्राने उठविला नाही, कायद्याने उठविला. आज परदेशातील लेकीचा चेहराही आपण घरबसल्या पाहतो आणि त्यासाठी वेगळा पैसा पडत नाही. ही सोय थोर आहे. पण बोललेले शब्द विरून जातात. आनंदीबाई आपल्याला कळतात त्या त्यांच्या पत्रांमुळे. म्हणून आमची एवढीच विनंती : लेकीशी रोज बोला, पण अधूनमधून तिला एक कागद लिहा, आणि तिचा आला तर तो जपून ठेवा.