सांगितलेली किंमत आणि दिलेली किंमत

पुस्तक माशीवरचे होते. पीटर लॉरेन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने लिहिलेले, १९९२ साली प्रसिद्ध झालेले, ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ या नावाचे. अंड्यातून माशीचे शरीर कसे घडत जाते, हा त्याचा विषय. जीवशास्त्राच्या अभ्यासकांपलीकडे त्याला कोण विचारणार? पण एप्रिल २०११ मध्ये अमेझॉनच्या ऑनलाइन बाजारात या पुस्तकाच्या एका प्रतीची किंमत लागली होती २ कोटी ३६ लाख ९८ हजार ६५५ डॉलर आणि ९३ सेंट. तेव्हाच्या भावाने शंभर कोटी रुपयांहून जास्त. टपालखर्च वेगळा, ३ डॉलर ९९ सेंट!

हे घडले कसे, ते मायकेल आयझेन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने रोजच्या रोज आकडे टिपून शोधून काढले. पुस्तक विकायला दोन विक्रेते बसले होते आणि दोघांनीही भाव ठरवण्याचे काम संगणकावर सोपवले होते. पहिल्याचा संगणक रोज दुसऱ्याचा भाव पाही आणि आपला भाव त्याच्या ०.९९८३ पट, म्हणजे किंचित कमी ठेवी. दुसऱ्याचा संगणक पहिल्याचा भाव पाही आणि आपला १.२७०५९ पट लावी. दोघे एकमेकांकडे पाहत शिडी चढत राहिले. शेवटी कुणा माणसाच्या लक्षात आले आणि एका विक्रेत्याचा भाव १०६ डॉलर २३ सेंटवर उतरला.

ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी वाटते. पण तिच्यात एक जुने सत्य आहे. कोट्यवधी डॉलरची ती किंमत कुणी दिली नव्हती, ती फक्त सांगितली गेली होती. सांगितलेली किंमत आणि दिलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या आठवडी बाजारातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असते. भाजीवाल्याने तीस म्हटले की ती वीस म्हणते, मग पंचविसावर सौदा तुटतो. व्यवहाराचे आपले शब्दही किती ठिकाणांहून आले आहेत! किंमत आणि दलाल अरबीतून आले, बाजार फारसीतून आणि लिलाव पोर्तुगीजांकडून. ज्याच्याशी आपण व्यापार केला, त्याचा एखादा शब्द आपल्याकडे राहून गेला.

वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावून ठेवायची आणि घासाघीस करायची नाही, ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात. पॅरिसमधले ‘बोन मार्शे’ हे मोठे दुकान त्यासाठी नावाजले गेले. लहान मूल आले काय किंवा जाणता माणूस आला काय, भाव एकच. सामान्य गिऱ्हाइकाला त्यामुळे मोठा दिलासा मिळाला. मात्र अतिमहाग वस्तूंना ही चिठ्ठी कधी लागली नाही. हिरे, मोती, दुर्मिळ चित्रे यांचा भाव बंद दालनात, दलालाच्या तोंडून कळे. या बंद दालनातल्या एका सौद्याची हकिगत सांगतो. ती आपल्या मराठवाड्याच्या जुन्या राज्यकर्त्याची आहे.

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), बीड, परभणी, नांदेड हा सारा मुलूख तेव्हा हैदराबादच्या निजामाकडे होता. गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते. सिमल्याला अलेक्झांडर माल्कम जेकब नावाचा जवाहिऱ्या राहत असे. मोठा गूढ माणूस. रुडयार्ड किपलिंगने ‘किम’ या कादंबरीतला लर्गन साहेब त्याच्यावरूनच रंगवला, असे मानतात. १८९१ साली या जेकबने निजामाला एक हिरा देऊ केला. वजन सुमारे १८५ कॅरट. गंमत अशी, की ज्या गोवळकोंड्याच्या हिऱ्यांनी जग दिपून गेले होते, त्याच भूमीच्या धन्याला विकायला आणलेला हा हिरा दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतला होता.

हिरा त्या वेळी लंडनमध्ये होता. दाखवायला होती काचेची प्रतिकृती. आज आपण मोबाइलवर वस्तूचे छायाचित्र पाहून मन बनवतो, तसाच हा प्रकार! जेकबने किंमत सांगितली १ कोटी २० लाख रुपये. सौदा ठरला ४६ लाखांवर. आता जरा थांबून या दोन आकड्यांकडे बघा. ४६ लाख ही त्या काळी डोळे फिरवणारी रक्कम होती. पण आधी १ कोटी २० लाख हा आकडा कानावर पडला असेल, तर ४६ लाख स्वस्त वाटू लागतात. निम्म्याहूनही कमी! जेकबला हिऱ्यांइतकीच माणसांची पारख असावी.

निजामाने २३ लाख रुपये आगाऊ भरले आणि हिरा हैदराबादेत आला. इंग्रज रेसिडेंटला मात्र हा खर्च मुळीच मान्य नव्हता. निजामाने हिरा नाकारला आणि पैसे परत मागितले. आपल्याकडे कापड दुकानातून साड्या पसंतीसाठी घरी नेतात, त्याला जांगड म्हणतात. निजामाच्या बाजूचे म्हणणे असे, की व्यवहार जांगडीचाच होता, पसंत पडला तर घेऊ. जेकबचे म्हणणे असे, की सौदा पक्का झाला होता. पैसे तर त्याने हिरा आणण्यात घालूनही टाकले होते. प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात गेले. हिंदुस्थानातल्या सर्वांत श्रीमंत संस्थानिकाला एका जवाहिऱ्यासोबतच्या व्यवहाराबद्दल साक्ष द्यावी लागली. त्यासाठी हैदराबादेतच खास आयोग बसला. डिसेंबर १८९१ मध्ये जेकब निर्दोष सुटला.

पुढे तडजोड होऊन हिरा निजामाकडे राहिला. पण जेकब या प्रकरणातून पुन्हा उभा राहिला नाही. १९२१ साली तो मुंबईत वारला, तेव्हा त्याच्याकडे जुन्या वैभवातले काही उरले नव्हते. महबूब अली खानांनाही हिऱ्याचे तोंड पाहणे नकोसे झाले. त्यांच्या पश्चात तो म्हणे एका जोड्याच्या टोकात कापडात गुंडाळलेला सापडला आणि सातवे निजाम उस्मान अली खान यांनी तो कागदांवर ठेवायचे वजन म्हणून वापरला. ज्याच्यासाठी एवढा तमाशा झाला, त्याचे काम कुठल्याही गुळगुळीत दगडाने भागले असते.

महबूब अली खान वाईट राजा होते, असे मला म्हणायचे नाही. १९०८ साली मुसी नदीला महापूर आला तेव्हा त्यांनी लोकांसाठी राजवाड्याचे दरवाजे उघडले. हैदराबादची जुनी माणसे त्यांचे नाव अजून आदराने घेतात. पण ४६ लाखांचा सौदा ठरत होता, तेव्हा त्या दालनात एक माणूस हजर नव्हता. ज्याच्या शेतसाऱ्यावर तो खजिना उभा होता, तो शेतकरी. आठच वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला आणि मराठवाड्याने त्याची झळ सोसली. हिऱ्यामुळे दुष्काळ आला नाही, हे खरेच. पण खजिन्याचा पैसा कुठे जातो, हे विचारायची सोय त्या शेतकऱ्याला नव्हती, हेही तितकेच खरे.

ऑनलाइन बाजाराने या बंद दालनाचे दार उघडले. १९९५ साली पिएर ओमिदयार यांनी पुढे ‘ईबे’ म्हणून गाजलेला बाजार सुरू केला, तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. अवघ्या सहा वर्षांत, २००१ मध्ये, त्याच बाजारात एक खासगी जेट विमान ४९ लाख डॉलरला गेले. २००८ साली ॲपलच्या दुकानात एका जर्मन माणसाने ‘आय ॲम रिच’ नावाचे ॲप ठेवले. किंमत ९९९ डॉलर ९९ सेंट, म्हणजे तेव्हाचे चाळीस हजार रुपयांहून अधिक. काम काय? पडद्यावर एक लाल खडा चमकतो, बस्स. ते दुकानातून काढून टाकण्यापूर्वी आठ जणांनी विकत घेतले होते. इथे तर खडाही नव्हता. विकली जात होती ती नुसती किंमत.

पण बहुतेक अतिमहाग वस्तू विकल्या जाव्यात म्हणून मांडलेल्या नसतातच. त्या जेकबच्या १ कोटी २० लाखांचे काम करतात. अमेरिकेत विल्यम्स-सोनोमा या दुकानाने घरी पाव भाजायचे यंत्र विकायला काढले, ते फारसे खपेना. मग शेजारी आणखी एक मोठे, जवळपास दीडपट किमतीचे यंत्र ठेवले. मोठे कुणी घेतले नाही, पहिल्याची विक्री मात्र जवळजवळ दुप्पट झाली! आपल्या मोबाइलवर काट मारलेला मोठा आकडा आणि खाली ठळक लहान आकडा दिसतो, त्यामागे हीच युक्ती असते. तीन लाखांचे घड्याळ पाहून झाले की तीस हजारांचे आपल्या आवाक्यातले वाटते. पगार तोच असतो, फक्त नजर सरकलेली असते. मग हप्ते सुरू होतात.

ग्राहकाला फसवणाऱ्या अशा काही क्लृप्त्यांवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘आता फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, शेवटच्या क्षणी छुपे आकार लावणे यांना त्यात मनाई आहे. ते योग्यच झाले. पण जास्त किंमत सांगण्यावर कुठला कायदा येणार? ती पारख ज्याची त्यानेच करायची. निजामाला त्याच्या मुन्शींनी, दलालांनी घेरले होते, तरी त्याने ४६ लाखांपर्यंत खाली आणले. आपल्याला रात्री अकरा वाजता, अंथरुणात, हातातल्या पडद्याशी एकट्याने सौदा करायचा असतो. समोर माणूसच नाही, तर घासाघीस कुणाशी करणार?

जेकबचा तो हिरा आता तुमच्या-आमच्या मालकीचा आहे. १९९५ साली भारत सरकारने निजामाच्या जडजवाहिराचे १७३ नग २१८ कोटी रुपयांना घेतले, त्यात तो आला. रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतून तो मोजक्या वेळा बाहेर निघाला. २०१९ साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रदर्शन भरले, तेव्हा तिकीट काढून लोक रांगेने त्याच्यासमोरून गेले. त्या रांगेत मराठवाड्यातले कुणी शेतकऱ्याचे पोर असेल, तर त्याने तो हिरा अवश्य डोळे भरून पाहिला असेल. त्याच्या पणज्याने त्याचे पैसे कधीच भरून ठेवले होते.