माधव आत्माराम चितळे
माधव आत्माराम चितळे (जन्म : ८ ऑगस्ट १९३४, चाळीसगाव) हे मराठी स्थापत्य अभियंते व जलतज्ज्ञ म्हणून ओळखले जातात. १९९३ साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय होत. जुलै २००५च्या मुंबईतील महापुरानंतर नेमलेल्या सत्यशोधन समितीचे ते अध्यक्ष होते. धरण असो वा शहरातील नाला, पाण्याचे नियोजन प्रशासकीय हद्दींनुसार न करता नदीखोरे हे एकक मानून करावे, हे सूत्र त्यांच्या कार्यात सातत्याने आढळते.

शिक्षण व शासकीय सेवा
चितळे यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९५६ साली ते राज्याच्या अभियांत्रिकी सेवेत रुजू झाले व पाटबंधारे विभागात त्यांनी दीर्घकाळ काम केले. पुढे केंद्र शासनात ते केंद्रीय जल आयोगाचे अध्यक्ष आणि त्यानंतर जलसंसाधन मंत्रालयाचे सचिव (१९८९–९२) झाले. १९९३ ते १९९७ या काळात ते आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाचे महासचिव होते.

महाराष्ट्र जल व सिंचन आयोग
राज्य शासनाने १९९५ साली नेमलेल्या दुसऱ्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचे अध्यक्षपद चितळे यांच्याकडे होते. आयोगाने १९९९ साली अहवाल सादर केला. त्यात राज्याची २५ उपखोऱ्यांत विभागणी करून, दर हेक्टरी उपलब्ध पाण्यानुसार त्यांचे अतितुटीची, तुटीची, सर्वसाधारण, विपुल व अतिविपुल असे पाच वर्ग केले आहेत. हेक्टरी १,५०० घनमीटरांहून कमी पाणी असलेले उपखोरे अतितुटीचे मानले जाते.

खोरे हे एकक का घ्यावे, याचे उदाहरण म्हणून सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका पाहता येतो. हा तालुका अवर्षणप्रवण असून त्याच्या एका बाजूस सीना, तर दुसऱ्या बाजूस भीमा नदी आहे. भीमेकडील गावांजवळ उजनी धरणाचा जलाशय पसरला आहे. परंतु तो मुख्यतः पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पावसाने भरतो. म्हणजेच तालुक्यातील पर्जन्यमानावरून तेथील पाण्याचा किंवा पुराचा पूर्ण अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी वरच्या खोऱ्याचा विचार करावा लागतो.

मुंबई महापूर सत्यशोधन समिती
नागरी पुराच्या प्रश्नातही हाच विचार महत्त्वाचा ठरला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. या पुरात मुंबईत चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. कारणांचा शोध घेण्यासाठी नेमलेल्या समितीने मार्च २००६ मध्ये अहवाल दिला.

शहरातील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस आणि ओहोटी गृहीत धरून बांधलेल्या होत्या. अनेक वाहिन्यांची पातमुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने, मुसळधार पाऊस व भरती एकाच वेळी आल्यास पाणी समुद्रात न जाता शहरातच तुंबते. विहार व पवई तलावांचे जादा पाणी माहीमच्या खाडीत नेणाऱ्या मिठी नदीचे पात्र भराव व अतिक्रमणांमुळे अरुंद झाले होते. विमानतळाजवळ प्रवाहाला तीव्र वळणे देण्यात आली होती, तर मुखाजवळील दलदल व खारफुटीचा मोठा भाग वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाखाली गेला होता.

समितीने पाणलोट क्षेत्रनिहाय निचऱ्याचे नियोजन, तपशीलवार समोच्च नकाशे, स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे आणि नदीपात्राचे रुंदीकरण व खोलीकरण यांवर भर दिला. पुराच्या पाण्याला जागा न ठेवता केवळ वाहिन्या मोठ्या करून प्रश्न सुटत नाही, हा त्यातून निघणारा महत्त्वाचा बोध आहे.

परिणाम व मर्यादा
महापुरानंतर पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचे काम ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाखाली हाती घेण्यात आले. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध येथे उदंचन केंद्रे उभारण्यात आली. मिठीच्या काठांवर संरक्षक भिंतीही बांधण्यात आल्या. मात्र अशा भिंतींमुळे नदी तिच्या पूरमैदानापासून तुटते, अशी टीका पर्यावरण अभ्यासकांनी केली आहे. पुराचे पाणी वाहून नेणे आणि नदीला तिचे नैसर्गिक रूप परत देणे ही उद्दिष्टे नेहमीच एकाच उपायाने साधत नाहीत, हे या अनुभवातून दिसते.

अन्य कार्य
राज्यातील सिंचन प्रकल्पांतील कथित गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या विशेष चौकशी पथकाचे चितळे अध्यक्ष होते. या पथकाने २०१४ साली अहवाल सादर केला. पाणीविषयक लोकशिक्षणासाठी त्यांनी मराठीतून विपुल लेखन केले व व्याख्याने दिली.

हेही पहा
मिठी नदी
उजनी धरण
सीना नदी