पोर्तुगीज चर्च, दोन पक्ष आणि एक साप्ताहिक

'पोर्तुगीज चर्च' म्हटलं की दादरकराला दादरचं आठवतं आणि गिरगावकराला गिरगावातलं. मुंबई १६६५ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आली, तरी नाव पोर्तुगीजच. दादरच्या चर्चचं समजू शकतो, त्याची स्थापना १५९६ ची. (आजची इमारत चार्ल्स कोरियांची, १९७० च्या दशकातली.) पण इंग्रजांच्या राज्यात इथल्या कॅथलिक चर्चवर हुकूम कोणाचा चालायचा? एका रविवारी हा प्रश्न डोक्यात शिरला आणि पुढचे तीन वीकेंड गेले!

थोडक्यात भानगड अशी. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर हक्क दिले होते, बिशपचं नाव सुचवण्यापासून. याला म्हणतात पाद्रोआदो. पुढे १६२२ मध्ये रोमने मिशनच्या कामासाठी स्वतःचं खातं काढलं, प्रोपगंडा फिदे. (हो, 'प्रोपगंडा' हा शब्द इथूनच आला.) १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबईतून पोर्तुगीज पाद्री घालवले आणि प्रोपगंडाचे कार्मेलाइट आणले. १७८९ मध्ये कारभार परत गोव्याकडे, १७९१ मध्ये परत कार्मेलाइटांकडे, आणि १७९४ मध्ये सरळ वाटणी. एकाच गावात काही चर्च यांची, काही त्यांची. ही दुहेरी व्यवस्था पार १९२८ पर्यंत चालली.

भांडण कुठवर जावं? १८५३ मध्ये माहीमचं सेंट मायकल चर्च पाद्रोआदोकडे जाऊ नये म्हणून बिशप हार्टमन आपल्या माणसांसकट आत कोंडून बसले. बाहेर विरोधकांचा वेढा. शेवटी सरकारी अंमलदारांनी दार उघडलं आणि चर्च पाद्रोआदोकडे गेलं.

हे सगळं वाचायला मिळतं, कारण भांडणात कागद फार तयार होतात. इथे येतं 'एक्झामिनर', मुंबईच्या कॅथलिकांचं इंग्रजी साप्ताहिक. सुरू झालं १८५० मध्ये, म्हणजे हार्टमन यांच्याच काळात, ऐन धामधुमीत. १९०२ ते १९२४ त्याचे संपादक होते अर्नेस्ट हल नावाचे जेझुइट. प्रचंड लिहिणारा माणूस. पाद्रोआदोचा विशेष अभ्यास असलेला मुंबई मिशनचा इतिहास त्यांनीच लिहिला.

आता माझी फजिती सांगतो. हल यांचं म्हणणं पडताळायला मी कॅथलिक एनसायक्लोपीडिया उघडला. १९०७ च्या खंडात मुंबईवर लेख आहे. सगळं तंतोतंत जुळलं, मी खूश. मग लेखाच्या तळाशी लेखकाचं नाव पाहिलं: अर्नेस्ट हल! म्हणजे ज्याला मी बॅकअप समजत होतो तो त्याच सर्व्हरचा मिरर निघाला.

म्हणून असं नियतकालिक फेकून द्यायचं का? मुळीच नाही. पण आधी दोन प्रश्न विचारायचे: संपादक कोणत्या बाजूचा, आणि अंकाला परवानगी कोणाची? हल प्रोपगंडाच्या बाजूचे. त्यांच्या बाजूच्या लिखाणात विरोधकांसाठी 'फुटीर' हा शब्द सहज येतो. गोव्याच्या पाद्रीला विचारलं असतं तर फुटीर कोण, याचं उत्तर उलटं मिळालं असतं. शब्दाची निवड हाच इथे पुरावा. तारखा, नेमणुका, बिशपची पत्रं यांसाठी मात्र मी अशा साप्ताहिकावर बराच भरवसा ठेवीन, कारण चूक झाली तर ती पकडायला विरोधी पक्ष टपलेलाच होता. घटनेचा अर्थ लावताना भरवसा कमी.

पडताळणीला खरी दुसरी बाजू हवी. दोन्ही पक्ष तक्रारी घेऊन कंपनी सरकारकडे जात, त्यामुळे सरकारी दप्तर पाहायचं. ते काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात. आणि पाद्रोआदोची बाजू पणजीच्या पुराभिलेखागारात, पोर्तुगीजमध्ये. माझं पोर्तुगीज 'पाव' आणि 'बटाटा' यापुढे जात नाही. असो.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. ज्यांच्या चर्चसाठी हे सगळं चाललं होतं ते माहीम, माझगाव, गिरगावचे लोक घरात मराठी बोलायचे. १८८७ मध्ये त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेऊन आपली संघटना काढली. हल यांच्या कथेत पाद्री आणि बिशप नावानिशी येतात. ही माणसं येतात ती 'जमाव' नाहीतर 'रहिवासी' म्हणून. १८५३ मध्ये त्या बंद दाराबाहेर उभं राहून ते एकमेकांशी काय बोलत होते, ते इंग्रजी साप्ताहिकात कुठून सापडणार?

पुढच्या शनिवारी काळा घोड्याला जातोय. कोणाला यायचं असेल तर सांगा.