ग्राफिक्स कार्ड : मेमरीचा आकडा पुरेसा नाही

घरच्या संगणकावर नवा गेम चालला नाही, की अधिक मेमरीचे ग्राफिक्स कार्ड घेण्याकडे अनेकांचा कल असतो. मात्र, केवळ मेमरीचा आकडा पाहून केलेला खर्च वाया जाऊ शकतो. मे २०२५मध्ये आलेला 'डूम : द डार्क एजेस' हा गेम त्याचे ठळक उदाहरण. प्रकाशकिरणांच्या मार्गाचे गणित करणारी 'रे ट्रेसिंग'ची यंत्रणा कार्डाच्या चिपमध्येच असणे या गेमसाठी अनिवार्य आहे. त्यामुळे एनव्हिडियाचे २०१७मधील 'जीटीएक्स १०८० टीआय' हे कार्ड ११ जीबी मेमरी असूनही त्याला चालत नाही. २०१९मधील ८ जीबीचे 'आरटीएक्स २०६० सुपर' मात्र चालते.

म्हणूनच खरेदीपूर्वी गेमच्या किमान गरजा वाचाव्यात. त्यानंतर पॉवर सप्लायची क्षमता तपासावी. मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून स्वतंत्र जोडणी द्यावी लागते. आठ पिनांच्या जोडणीची मर्यादा १५० वॉट असते. पॉवर सप्लाय अपुरा असल्यास खेळ ऐन रंगात असतानाच संगणक बंद पडू शकतो. कार्ड कॅबिनेटमध्ये मावेल का, हेही मोजून पाहावे.

कार्ड बसविण्यापूर्वी संगणकाचा वीजपुरवठा बंद करावा. मॉनिटरची केबल नव्या कार्डालाच जोडावी. ती मदरबोर्डवरच राहिली, तर नव्या कार्डाचा उपयोग होत नाही.