वसईचा पाषाण आणि गोव्याची बासिलिका

जुन्या गोव्यातील बॉम जेझस बासिलिकेच्या दर्शनी भागात दोन प्रकारचे दगड सहज ओळखता येतात. भिंती तांबूस जांभ्याच्या आहेत. खांब, दारांच्या चौकटी, नक्षी आणि माथ्यावरील येशूनामाची तीन अक्षरे मात्र काळसर पाषाणात कोरलेली आहेत. हा पाषाण वसईहून नेण्यात आला, अशी नोंद इतिहासग्रंथांतून आढळते. त्यांपैकी काही ग्रंथ त्याला ‘ग्रॅनाइट’ म्हणतात. वस्तुतः वसईच्या भूमीत ग्रॅनाइट नाही. हा भेद केवळ नावाचा नसून, बासिलिकेच्या आजच्या प्रश्नाचे मूळही दगडांच्या स्वभावातच दडलेले आहे.

‘ग्रॅनाइट’ हा शब्द लॅटिन ‘ग्रानुम’ म्हणजे ‘दाणा’ यावरून आला. भूगर्भात खोलवर शिलारस अतिशय संथपणे थंड होतो, तेव्हा स्फटिकांना वाढण्यास अवधी मिळतो आणि दगड दाणेदार बनतो. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर (इ. स. १०१०) अशा खऱ्या ग्रॅनाइटचे आहे. महाराष्ट्रात हा खडक नांदेडच्या काही भागांत, पूर्व विदर्भात व सिंधुदुर्गात आढळतो. उर्वरित बहुतेक महाराष्ट्र सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेल्या लाव्हारसाचा आहे. तो लवकर थिजला, म्हणून त्याचे कण बारीक राहिले. हाच आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. वसईचा पाषाण याच कुळातला. त्याच्या कठीणपणामुळे त्याला ग्रॅनाइटचे नाव चिकटले असावे. आजही दगडांच्या बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा पुष्कळसा दगड शास्त्रदृष्ट्या बेसॉल्टचाच भाऊबंद असतो. आपल्या दफनभूमीतील कित्येक चकचकीत काळ्या फरशा त्यातल्याच.

जांभ्याची कुळी निराळी. उष्ण व पावसाळी हवामानात मूळ खडक झिजून त्यातील विद्राव्य द्रव्ये वाहून जातात आणि लोह व अॅल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. जमिनीत असताना हा दगड इतका मऊ असतो की त्याचे चिरे कापून काढता येतात. हवा लागली की तो घट्ट होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ साली त्याला दिलेले नाव लॅटिन ‘लातेर’ म्हणजे ‘वीट’ या शब्दावरून घेतलेले आहे. मात्र हा चिरा सच्छिद्र असतो. पाणी शोषून घेणे हा त्याचा स्वभाव, आणि बारीक कोरीव काम त्याला पेलवत नाही.

१५९४ साली येशूसंघीय धर्मगुरूंनी बासिलिकेचे बांधकाम आरंभले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण असणार. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली होती. तेथे दगड होता, बंदर होते, जहाजे होती. सुमारे साडेचारशे किलोमीटरांचा सागरी प्रवास करून वसईचा पाषाण गोव्यात पोहोचला. पाथरवटाने दगडात ओळीने भोके पाडावीत, त्यांत पाचरी ठोकाव्यात, शिळा फुटली की टाकीने तिला आकार द्यावा, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या पाथरवटांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. १६०५ साली महागुरुस्वामी आलेशू द मेनेझिस यांनी मंदिराचे पवित्रीकरण केले.

बांधणाऱ्यांनी प्रत्येक दगडाला त्याच्या स्वभावाप्रमाणे काम दिले होते. नक्षी व चौकटी वसईच्या पाषाणाकडे, भिंतीचा भार जांभ्याकडे, आणि पावसापासून जांभ्याचे रक्षण चुन्याच्या गिलाव्याकडे. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्तझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली हा बाह्य गिलावा काढण्यात आला. प्राचीन वास्तूचा दगड उघडा दिसावा, ही त्यामागील दृष्टी. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा थेट जांभ्यावर बरसत आहे आणि चिरे झिजत आहेत. काळा पाषाण त्यामानाने आजही टिकून आहे. शेजारच्या से कॅथेड्रलचा पांढरा गिलावा कायम आहे, हे पाहिले म्हणजे फरक ध्यानात येतो.

पुन्हा गिलावा करावा की नाही, याविषयी तज्ज्ञांत व भाविकांत मतभेद आहेत. तांबडी बासिलिका अनेकांच्या मनात ठसली आहे. टपालाच्या चित्रांत आणि पर्यटनाच्या पुस्तकांत तीच दिसते. परंतु हे रूप उण्यापुऱ्या सात दशकांचे. त्याआधीची साडेतीनशे वर्षे चुन्याच्या आवरणाखाली गेली. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष जेथे विसावले आहेत त्या वास्तूबाबत आपल्या सवयीपेक्षा तिचे आयुष्य मोठे मानावे, असे मला वाटते.

हा विचार आपल्या धर्मग्रामांनाही लागू पडतो. जुनी देवळे दुरुस्त करताना ‘दगड सुंदर दिसतो’ म्हणून चुना खरवडला जातो, किंवा ‘मजबुतीसाठी’ सिमेंट थापले जाते. सिमेंटचा थर आतील ओल सहजासहजी बाहेर पडू देत नाही, आणि भिंत आतून कुजत जाते. म्हणून भिंतीला हात लावण्यापूर्वी तिचा दगड कोणत्या जातीचा, त्याला पाणी मानवते की नाही, आणि आधीच्या पिढीने त्यावर चुना का चढवला होता, एवढे तरी जाणकाराला विचारावे. वसईच्या किल्ल्यात संत जोसेफच्या पडक्या देवळाचा मनोरा आजही उभा आहे. गोव्याला जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंनी एकदा तोही पाहून यावा. बासिलिकेच्या खांबांचे माहेर याच परिसरात आहे.